डॉन्सचा अखेरचा हंगाम

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या ‘डॉन्स’ या फुटबॉल संघाने 1951 साली नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. नऊ सामन्यांत मिळून त्यांनी 338 गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना अवघे 86 गुण दिले. देशात सर्वाधिक धावयार्ड, म्हणजे चेंडू घेऊन धावत कापलेले यार्ड, मिळवणारा खेळाडू त्यांच्याकडे होता. पुढे याच चमूतले नऊ जण अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये खेळले. इतका गुणी संघ, पण हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांपैकी एकाचेही दार त्याच्यासाठी उघडले नाही आणि काही आठवड्यांतच विद्यापीठाने फुटबॉल बंद करून टाकला. दार का उघडले नाही, हे समजून घ्यायचे तर त्या काळच्या अमेरिकेतला वर्णभेद आणि महाविद्यालयीन खेळामागचा पैसा, दोन्ही पाहावे लागतात.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू, एका बाजूला अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान. चेंडू हातात घेऊन किंवा फेकून समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवला की टचडाउन, त्याचे सहा गुण. या खेळाचे अमेरिकेतले वेड पहिल्यापासून विद्यापीठांच्या आधाराने वाढले. व्यावसायिक लीग नंतर मोठी झाली. शनिवारी दुपारी आपल्या विद्यापीठाचा सामना पाहायला पन्नास-साठ हजार माणसे जमणे ही तिथली जुनी रीत आहे.

बहुतेक मोठी विद्यापीठे कुठल्या ना कुठल्या कॉन्फरन्सची सदस्य असत. कॉन्फरन्स म्हणजे आठ-दहा विद्यापीठांचा गट. त्यांचे आपसातले सामने ठरलेले असत आणि अनेक गटांना हंगामाअखेरच्या बाउल सामन्यांचा रस्ताही ठरलेला असे. पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सची सत्ता होती. त्यांचा विजेता नववर्षाला पॅसाडीनाच्या रोझ बाउलमध्ये जाई आणि 1947 पासून त्याच्यासमोर मध्य-पश्चिमेच्या बिग टेन गटाचा संघ येई. म्हणजे रोझ बाउल इतरांना बंदच होता.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ कुठल्याही गटात नव्हते. असे संघ स्वतंत्र म्हणवले जात. स्वतंत्र संघाला प्रतिस्पर्धी स्वतः शोधावे लागत, तारखा स्वतः जुळवाव्या लागत, प्रवासखर्च स्वतः उचलावा लागे. नोत्र दामसारख्या बलाढ्य विद्यापीठाला स्वतंत्र राहणे परवडत होते, कारण सगळ्यांनाच त्यांच्याशी खेळायचे असे. लहान विद्यापीठाचे तसे नव्हते. मोठ्या संघांना अशा सामन्यात मिळण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे बरेच, त्यामुळे ते तारीखच देत नसत. मग डॉन्सच्या वेळापत्रकात शेजारची महाविद्यालये येत, आयडाहोसारख्या दूरच्या राज्याचे विद्यापीठ येई आणि लष्करी तळांचे संघही येत. 1951 मध्ये कॅम्प पेंडल्टनचा मरीन सैनिकांचा संघ आणि सॅन दिएगोच्या नौदल प्रशिक्षण केंद्राचा संघ त्यांच्याशी खेळले. या वेळापत्रकाचाच पुढे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापर झाला.

विद्यापीठ जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे. 1855 साली सेंट इग्नेशियस अकादमी म्हणून सुरू झालेले आणि 1930 पासून शहराचे नाव धारण केलेले. टेकडीवरचा छोटा परिसर, फक्त मुलांसाठीचे शिक्षण. सामने होत ते गोल्डन गेट पार्कच्या कडेला असलेल्या केझर स्टेडियममध्ये. समुद्र जवळ असल्याने तिथे धुके उतरे आणि सीगल पक्षी घिरट्या घालत. जवळजवळ साठ हजार माणसे बसतील एवढे ते मैदान, आणि डॉन्सच्या सामन्यांना त्यातली बरीचशी बाके रिकामी राहत. 1946 पासून याच मैदानावर फोर्टी नायनर्स हा व्यावसायिक संघही खेळू लागला होता. 1950 मध्ये तो एनएफएलमध्ये गेला. शहरातल्या माणसाने फुटबॉलवर खर्च करायचे पैसे कुठे जाणार, हे त्या वर्षीच दिसू लागले होते.

प्रशिक्षक जो कुहारिक 1948 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. नोत्र दामचा हा माजी खेळाडू कडक शिस्तीचा होता. त्यांचा पहिला हंगाम वाईट गेला; नऊपैकी दोनच सामने जिंकले. पुढच्या दोन वर्षांत संघाने सात-सात विजय मिळवले. या सुधारणेमागे कुहारिकांची शिस्त होती तशी त्यांनी निवडलेली मुलेही होती. मोठी विद्यापीठे ज्यांच्याकडे पाहत नव्हती, अशा मुलांना त्यांनी शहरातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून उचलले.

ऑली मॅट्सन हा त्यातला सगळ्यात लखलखता. टेक्सासमधल्या ट्रिनिटी या छोट्या गावी 1930 मध्ये त्याचा जन्म झाला, पण तो वाढला सॅन फ्रान्सिस्कोत. धावणे हा त्याचा पहिला खेळ. 400 मीटर शर्यतीत पुढे तो ऑलिम्पिकपर्यंत गेला. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या 1948 च्या अपराजित संघात तो होता. त्याच संघात बर्ल टोलर होता. टोलर टेनेसीतल्या मेम्फिस शहराचा, दक्षिणेच्या वर्णभेदातून आलेला, मॅट्सनपेक्षा दोन वर्षांनी मोठा, बचावात भिंतीसारखा उभा राहणारा. दोघे एकत्रच टेकडीवरच्या विद्यापीठात आले. दोघेही कृष्णवर्णीय होते आणि 1951 च्या संघातले कृष्णवर्णीय खेळाडू हे दोघेच.

बाकीच्यांमध्ये जीनो मार्केटी होता. इटालियन स्थलांतरितांचा हा मुलगा विशीच्या आतच सैन्यात गेला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बल्जच्या लढाईत मशीनगन चालवून परतला. महाविद्यालयात येईपर्यंत त्याने जे पाहिले होते ते वर्गातल्या इतर मुलांनी पाहिले नव्हते. बॉब सेंट क्लेअर हा सॅन फ्रान्सिस्कोचाच, सहा फूट नऊ इंच उंचीचा. कच्चे मांस खाण्याची त्याची सवय पुढे देशभर गाजली. एड ब्राउन क्वार्टरबॅक होता, म्हणजे चढाईची सूत्रे त्याच्या हाती. जो स्कुडेरो अंगाने लहान पण विलक्षण चपळ. आणि मैदानाबाहेर, प्रसिद्धीच्या टेबलावर, नुकताच पदवीधर झालेला पीट रोझेल नावाचा तरुण बसत असे. संघाच्या बातम्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचवणे हे त्याचे काम. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

हंगाम सप्टेंबरात सुरू झाला आणि डॉन्सने एकामागून एक संघ लोळवायला सुरुवात केली. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या विजयांची दखल न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी घेतल्याशिवाय देशाला कळत नसे. दूरचित्रवाणीवर सामने मोजकेच दिसत. त्याच वर्षी महाविद्यालयीन खेळाच्या राष्ट्रीय संघटनेने थेट प्रक्षेपणावर मर्यादा आणली होती. म्हणून ऑक्टोबरमधला फोर्डहॅमविरुद्धचा सामना महत्त्वाचा ठरला. फोर्डहॅमही जेझुइटांचेच विद्यापीठ, न्यूयॉर्कमधले. त्यांच्या मैदानावर जाऊन खेळायचे होते.

सामना अटीतटीचा झाला आणि डॉन्सने तो 32-26 असा जिंकला. लोकांच्या लक्षात राहिला तो मॅट्सन. समोरच्या संघाने गुण मिळवले की किंवा डाव सुरू होताना चेंडू लाथेने दूर उडवला जातो; तो झेलून पुढे पळायचे असते. सरळ अंगावर धावून येणारे अकरा जण चुकवत वीस-पंचवीस यार्ड मिळाले तरी चांगले मानतात. मॅट्सनने त्या सामन्यात असे दोन चेंडू झेलले आणि दोन्ही थेट दुसऱ्या टोकाला नेले. एकदा 94 यार्ड, एकदा 90 यार्ड. शंभर यार्डांचे मैदान एका माणसाने एका दुपारी दोनदा जवळजवळ आरपार पळून काढले, तेही फक्त सहा गुणांच्या फरकाने सुटलेल्या सामन्यात. त्या दोन धावा नसत्या तर अपराजित हंगामाची गोष्ट तिथेच संपली असती.

त्याच महिन्यात, 20 ऑक्टोबरला, ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर गावी आणखी एक सामना झाला. ड्रेक विद्यापीठाचा जॉनी ब्राइट हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या वेळी देशातल्या अव्वल खेळाडूंत गणला जात होता. ओक्लाहोमा ए अँड एमच्या एका गोऱ्या खेळाडूने, चेंडू ब्राइटकडे नसताना, धावत येऊन त्याच्या तोंडावर आघात केला. ब्राइटचा जबडा मोडला. ‘डे मॉइन रजिस्टर’च्या दोन छायाचित्रकारांनी तो क्षण टप्प्याटप्प्याने टिपला आणि त्या छायाचित्रांना पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. मारणाऱ्याला त्याच्या विद्यापीठाने किंवा कॉन्फरन्सने कोणतीही शिक्षा केली नाही. ड्रेकने निषेध म्हणून ती कॉन्फरन्स सोडली. डॉन्सच्या हंगामाची पार्श्वभूमी ही होती. कृष्णवर्णीय खेळाडू किती चांगला आहे यापेक्षा तो कुठल्या राज्यात खेळतो आहे, याला जास्त किंमत होती.

आता बाउलचे गणित. रोझ बाउल बंद. उरलेले नावाजलेले सामने सगळे दक्षिणेत: मायामीला ऑरेंज, न्यू ऑर्लिन्सला शुगर, डॅलसला कॉटन, जॅक्सनव्हिलला गेटर, एल पासोला सन. दक्षिणेत शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळ वेगळे. खेळात याचे रूप म्हणजे एक अलिखित समजूत होती, तिला तिकडे ‘सभ्य गृहस्थांचा करार’ म्हणत: उत्तरेचा संघ दक्षिणेच्या संघाशी खेळायला आला की त्याने आपले कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवायचे.

आणि उत्तरेची विद्यापीठे हे मान्य करत आली होती. बॉस्टन कॉलेज, पुन्हा एक जेझुइट संस्था, 1940 च्या कॉटन बाउलला आणि 1941 च्या शुगर बाउलला गेले, दोन्ही वेळा लू माँटगोमरी या आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला न खेळवता. नकाराची उदाहरणेही होती. 1946 मध्ये पेन स्टेटच्या खेळाडूंनी मायामीतला सामनाच रद्द करायला लावला, कारण यजमानांना त्यांचे दोन कृष्णवर्णीय सहकारी नको होते. 1948 च्या कॉटन बाउलमध्ये मात्र तेच दोघे डॅलसमध्ये खेळले. त्याच वर्षाअखेर पेनसिल्व्हेनियातल्या लफायेत महाविद्यालयाने सन बाउलचे निमंत्रण परत पाठवले, कारण त्यांच्या डेव्हिड शोवेलला खेळू दिले जाणार नव्हते. भिंतीला तडे जात होते. पण कुठल्या वर्षी, कुठल्या शहरात, कुणासाठी दार उघडेल, हे कुणी सांगू शकत नव्हते.

17 नोव्हेंबरला डॉन्स स्टॉकटनला गेले. समोर कॉलेज ऑफ द पॅसिफिक, तोही बाउलच्या शर्यतीतला संघ. ऑरेंज बाउलचे निरीक्षक सामना पाहायला आले आहेत, ही बातमी सगळीकडे पसरली होती. दोघांपैकी कोण जाणार याचा निकालच त्या दिवशी लागायचा होता, अशी सगळ्यांची समजूत. डॉन्स 47-14 असे जिंकले. तेहतीस गुणांचा फरक, तोही दुसऱ्याच्या मैदानावर. पुढच्या आठवड्यात लॉस एंजेलिसच्या लोयोलाला 20-2 हरवून त्यांनी हंगाम पुरा केला. मॅट्सनच्या खात्यावर 1,566 धावयार्ड आणि 21 टचडाउन जमा झाले होते, आणि दोन्ही आकड्यांत तो देशात पहिला होता.

निमंत्रण आले नाही. नेमके काय घडले याचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात. गाभा मात्र सगळ्यांचा एकच आहे. संघापर्यंत निरोप पोचला की ऑली आणि बर्ल यांना मागे ठेवून येणार असाल तर विचार होईल. शहरातल्या एका क्रीडा समालोचकाने गेटर बाउलच्या प्रमुखांचा हवाला देऊन रेडिओवर सांगितले की दक्षिणेतल्या आयोजकांना कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ नको आहे. कुहारिक यांनी मुलांसमोर विषय मांडला. मार्केटी, सेंट क्लेअर, राखीव क्वार्टरबॅक बिल हेनेबेरी यांनी पुढे अनेक दशके मुलाखतींतून सांगितलेली गोष्ट साधारण अशी: मतदान झाले नाही, चर्चाही लांबली नाही. दोघांना सोडून जायचे नाही, हे कुणाला उच्चारून दाखवावेच लागले नाही.

हा नकार नीट जोखायला हवा. या मुलांपुढे जे होते ते लहान नव्हते. बाउल म्हणजे देशभर नाव, व्यावसायिक संघांच्या निवडकर्त्यांची नजर, आणि विद्यापीठाच्या तिजोरीत मोठी रक्कम. संघ तोट्यात आहे आणि बाउलचे पैसे आले नाहीत तर फुटबॉल टिकणे कठीण आहे, याची कल्पना सगळ्यांना होती. मार्केटीसारख्यांची महाविद्यालयीन वर्षे संपत आली होती, पण सेंट क्लेअरसारख्यांना पुढच्या वर्षी खेळायला संघच राहणार नव्हता. तरीही त्यांनी सौदा केला नाही. बॉस्टन कॉलेजने दहा वर्षांपूर्वी निवडलेला सोपा मार्ग त्यांच्यापुढेही होता आणि त्या वाटेने गेले असते तर त्या काळात फार कुणी त्यांना दोष दिला नसता. म्हणूनच मला हा नकार मोठा वाटतो. तो देणाऱ्यांमध्ये पुढारी कुणी नव्हते. विशी-पंचविशीतले खेळाडू होते आणि त्यातल्या अनेकांच्या आईवडिलांनी कामगार वस्त्यांत दिवस काढले होते.

आयोजकांनी उघडपणे सांगितलेले कारण वेगळे होते. वेळापत्रक कमकुवत आहे, असे ते म्हणाले. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, हे मान्य करायला हवे. लष्करी तळांचे संघ हरवून कुणी देशातला सर्वोत्तम ठरत नाही. असोसिएटेड प्रेसच्या अंतिम यादीतही डॉन्स चौदावे होते. पण हे कारण फार दूर जात नाही. दोनच वर्षांपूर्वीच्या हंगामाअखेर, 2 जानेवारी 1950 रोजी, याच ऑरेंज बाउलमध्ये सँटा क्लारा खेळले होते: सॅन फ्रान्सिस्कोच्या शेजारचे, तितकेच छोटे, जेझुइटांचे, स्वतंत्र विद्यापीठ. त्यांनी केंटकीला 21-13 हरवलेही. म्हणजे लहान असणे, पश्चिमेचे असणे, कॉन्फरन्स नसणे यांपैकी कशाचीही ऑरेंज बाउलला अडचण नव्हती. 1951 मध्ये डॉन्सने याच सँटा क्लाराला हरवले होते.

सन बाउलने निवडलेला संघ तर आणखी बोलका आहे. त्यांनी पॅसिफिकला बोलावले, ज्यांना डॉन्सने तेहतीस गुणांनी हरवले होते. पॅसिफिकच्या संघात एडी मॅकन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता आणि तो त्या सामन्यात खेळला. एल पासो हे मेक्सिकोच्या सीमेवरचे शहर, तिथे बंधने सैल होऊ लागली होती. त्यामुळे सगळ्याच बाउलनी एकाच कारणासाठी डॉन्सना टाळले, असे म्हणणे अतिसोपे ठरेल. पण मायामी, न्यू ऑर्लिन्स आणि जॅक्सनव्हिल यांच्याबाबत शंकेला फारशी जागा नाही. नववर्षाला ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जिया टेकने बेलरला 17-14 हरवले, शुगर बाउलमध्ये मेरीलँडने टेनेसीला, गेटर बाउलमध्ये मायामीने क्लेमसनला. या सहाही विद्यापीठांच्या संघांत त्या वेळी गोऱ्यांचेच राज्य होते.

कॉन्फरन्स नसणे इथे दुसऱ्या अर्थानेही भोवले. एखाद्या मोठ्या गटाचा सदस्य असता तर त्या गटाचे आयुक्त, इतर विद्यापीठांचे अध्यक्ष, राज्यातले राजकारणी यांपैकी कुणीतरी आवाज उठवला असता, निदान प्रश्न विचारला असता. स्वतंत्र संघाच्या पाठीशी उभे राहायला टेकडीवरचे एक विद्यापीठ आणि शहरातली तीन-चार वर्तमानपत्रे, एवढेच होते.

त्यानंतरचा घटनाक्रम झपाट्याचा आहे. विद्यापीठाने फुटबॉल बंद झाल्याचे जाहीर केले. सन्मानापायी संघ मेला, असे पुढे भावुकपणे म्हटले गेले. ते पुरते खरे नाही. त्या दोन-तीन वर्षांत लहान कॅथलिक विद्यापीठांचे फुटबॉल संघ एकामागून एक बंद पडत होते. शेजारच्या सेंट मेरीजने आणि पूर्वेकडच्या जॉर्जटाउनने 1950 च्या हंगामानंतर थांबवले. लोयोला डॉन्सबरोबरच थांबले. सँटा क्लारा 1952 नंतर, फोर्डहॅम 1954 नंतर. खेळाडू हवे तेव्हा बदलण्याच्या नियमामुळे चढाईला वेगळी आणि बचावाला वेगळी तुकडी लागू लागली होती, म्हणजे दुप्पट खेळाडू, दुप्पट शिष्यवृत्त्या. कोरियन युद्धाने तरुणांना ओढून नेले. व्यावसायिक संघ आणि दूरचित्रवाणी यांनी प्रेक्षक नेले. बाउलचे पैसे आले असते तर डॉन्स कदाचित एक-दोन वर्षे आणखी टिकले असते. त्यापलीकडे टिकले असते असे मला वाटत नाही. 1959 मध्ये विद्यापीठाने फुटबॉल पुन्हा सुरू केला तोही खालच्या दर्जाचा, आणि 1971 मध्ये तोही थांबला.

खेळाडूंचे मात्र थांबले नाही. मॅट्सनला शिकागो कार्डिनल्सने 1952 च्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतले. पण आधी तो हेलसिंकी ऑलिम्पिकला गेला आणि 400 मीटरमध्ये कांस्य, तर 4 बाय 400 रिलेमध्ये रौप्य घेऊन आला. मार्केटी बाल्टिमोर कोल्ट्सचा आधारस्तंभ झाला. बचावाच्या टोकाला खेळणाऱ्यांमध्ये त्याचे नाव आजही पहिल्या दोन-तिनात घेतले जाते. सेंट क्लेअर एक वर्ष टल्सा विद्यापीठात जाऊन खेळला आणि मग फोर्टी नायनर्ससाठी पुन्हा केझरवर परतला. 1958 मध्ये तो शेजारच्या डेली सिटीचा महापौरही झाला. मॅट्सन आणि मार्केटी 1972 मध्ये एकाच वेळी, सेंट क्लेअर 1990 मध्ये, असे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका महाविद्यालयाच्या एकाच हंगामातल्या चमूतून तिघे जाणे ही अपूर्व गोष्ट होती. ब्राउन आणि स्कुडेरो धरून पाच जण प्रो बाउल या तारांकित सामन्यासाठी निवडले गेले.

कुहारिक व्यावसायिक लीगमध्ये गेले. 1954 ते 1958 ते वॉशिंग्टन रेडस्किन्सचे प्रशिक्षक होते. एनएफएलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला सर्वांत शेवटपर्यंत नकार देणारा संघ तोच; 1962 पर्यंत त्याने कुणालाही घेतले नाही. कुहारिकांच्या आयुष्यातला हा अध्याय 1951 च्या शेजारी ठेवून वाचला की समजते, चांगली माणसेही त्या व्यवस्थेतच नोकरी करत होती.

दक्षिणेतल्या बाउलचे दार पुढच्या काही वर्षांत हळूहळू, ओढाताणीने उघडले. 1956 च्या शुगर बाउलमध्ये पिट्सबर्गचा बॉबी ग्रिअर खेळणार म्हणून जॉर्जियाच्या गव्हर्नरने जॉर्जिया टेकला खेळू नका, असे सांगितले. तेव्हा टेकच्या विद्यार्थ्यांनीच रस्त्यावर येऊन गव्हर्नरविरुद्ध निदर्शने केली. सामना झाला, ग्रिअर खेळला. त्यावर लुइझियाना राज्याने त्याच वर्षी मिश्र वर्णाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदाच केला आणि तो 1959 मध्ये न्यायालयात रद्द झाला.

बर्ल टोलरची वाट या सगळ्यांपेक्षा वेगळी गेली. क्लीव्हलंड ब्राउन्सने त्याची निवड केली होती. 1952 च्या ऑगस्टमध्ये शिकागोत महाविद्यालयीन निवडक खेळाडूंचा सामना व्यावसायिक विजेत्यांशी झाला, त्यात टोलरचा गुडघा गेला. संघातल्या सहकाऱ्यांपैकी अनेकांच्या मते तो मॅट्सनच्या तोडीचा होता, आणि एक दिवसही त्याला व्यावसायिक फुटबॉल खेळता आला नाही. तो शिक्षक झाला. 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या बेंजामिन फ्रँकलिन शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांच्याकडे आले. शहरातल्या माध्यमिक शाळेचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्याध्यापक. शनिवार-रविवारी ते सामन्यांत पंचगिरी करत.

पीट रोझेल 1952 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या प्रसिद्धी खात्यात गेला होता. 1957 मध्ये तो त्यांचा व्यवस्थापक झाला. 1959 मध्ये मॅट्सनला मिळवण्यासाठी त्याने रॅम्सतर्फे नऊ खेळाडू दिले. 1960 मध्ये तेहतिसाव्या वर्षी तो एनएफएलचा आयुक्त झाला आणि या लीगला तिचे आजचे भव्य रूप बऱ्याच अंशी त्याने दिले. 1965 मध्ये, त्याच्याच कारकिर्दीत, लीगने बर्ल टोलर यांना पंच म्हणून नेमले. अमेरिकेच्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये त्याआधी कृष्णवर्णीय पंच नव्हता; टोलर पहिलेच. पंचवीस हंगाम त्यांनी ते काम केले. 1980 च्या सुपर बाउलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, मैदानावरच्या पंचांत ते होते. सुपर बाउलमध्ये काम करणारे पहिले कृष्णवर्णीय पंचही तेच.

विद्यापीठाने 2006 मध्ये त्या संघातल्या सर्वांना मानद डॉक्टरेट दिली. 2008 मध्ये फिएस्टा बाउलच्या आयोजकांनी हयात खेळाडूंना पाहुणे म्हणून बोलावले. मॅट्सन आणि मार्केटी तेव्हा हयात होते. टोलर 2009 मध्ये, मॅट्सन 2011 मध्ये गेले.

विद्यापीठाच्या आवारात एका वसतिगृहाला जेम्स फेलन यांचे नाव होते. फेलन शहराचे महापौर आणि नंतर सिनेटर होते, आणि ‘कॅलिफोर्निया गोरा ठेवा’ अशी प्रचाराची घोषणा घेऊन त्यांनी 1920 ची निवडणूक लढवली होती. विद्यार्थ्यांनी नाव बदलण्याची मागणी लावून धरली. 2017 मध्ये विद्यापीठाने ती मान्य केली आणि त्या इमारतीला बर्ल टोलर यांचे नाव दिले.